कडू काकडीची कोशिंबीर

कोहळ्याच्या वेलाचे शेंडे कुणीतरी खुडले होते. एखादा नव्हे, भिंतीवरून पलीकडे झुकलेले सगळेच. रात्रभर कोसळून दमलेला पाऊस पानांवरून अजून टिपटिपत होता, आणि त्या टिपटिपीत तो वेल नुकतंच जावळ काढलेल्या पोरासारखा बोडका दिसत होता. पौर्णिमाच्या अंगाचा तिळपापड झाला.

तसा तिचा तिळपापड व्हायला फार काही लागायचं नाही. ती शाळेत गणित शिकवायची. ज्या मुलांना उत्तर येत नाही त्यांच्यावर ती कधी चिडत नसे. चुकीचं उत्तर बरोबर असल्याच्या थाटात लिहिणाऱ्यांवर मात्र अशी चिडायची की शेजारच्या वर्गात शांतता पसरायची. आणि इथे तर प्रश्न तिच्या बागेचा होता. हिंगणघाटच्या त्या नव्या लेआउटमध्ये जो तो आपल्या प्लॉटवर इंच न् इंच फरशी घालून बसला होता. उघडी काळी माती राहिली होती ती फक्त तिच्या वडिलांच्या, बापूरावांच्या घरामागे. तिथे ती आणि तिची आई पंचफुलाबाई मिळून वांगी, टमाटर, कारली, काकड्या, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायच्या. कोपऱ्यात पपई होती आणि भिंतीला धरून हे कोहळं.

तिनं घमेलं पालथं घातलं, त्यावर चढली आणि भिंतीपलीकडे डोकावली.

पलीकडे नुकतेच राहायला आलेल्या लोकांचं अंगण होतं. अंगणात एक उंच तरुण उभा होता. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात मोबाइल. चोर मुद्देमालासह सापडला होता.

"हे तुम्ही केलं?"

"काय?"

"माझ्या वेलाची ही दशा."

त्यानं वेलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुमचा वेल गेले काही दिवस माझ्या भिंतीवर मुक्कामाला आहे. पाहुण्याची थोडी हजामत केली, एवढंच."

"शेंडे खुडलेत तुम्ही."

"शेंडा खुडला की बाजूनं फांद्या फुटतात. फळं जास्त धरतात. यात पाहिलं." त्यानं मोबाइल वर धरला.

"उद्या त्यात पाहून माझे कान कापाल."

"कसे कापणार…" तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "इथून कान दिसतच नाहीत. फक्त डोळे दिसतात."

पौर्णिमानं तेच डोळे वटारले. ती तडक घमेल्यावरून उतरली.

पण पंधरवड्यात वेलाला खरंच बाजूनं फांद्या फुटल्या. पिवळीजर्द फुलं आली, फुलांखाली सुपारीएवढी कोहळी धरली. पौर्णिमानं हे कुणापुढे कबूल केलं नाही. मात्र घमेलं तिथं पालथंच राहिलं. पाणी साचून डास होऊ नयेत म्हणून, असं तिनं आईला सांगितलं.

त्याचं नाव मिहिर. वीज कार्यालयात इंजिनिअर, नागपूरहून बदलून आलेला. घरात तो आणि त्याची आई पद्माकाकू, दोघंच. वडील तो लहान असतानाच गेलेले. बागकामाची त्याला हौस दांडगी आणि अक्कल बेताची. एकदा त्यानं सांभार पेरला आणि रोज संध्याकाळी कुंडीपुढे उकिडवा बसून उगवायची वाट पाहू लागला.

"काय पेरलं?" भिंतीवरून डोळ्यांनी विचारलं.

"धने."

"अख्खे?"

"मग कसे?"

"रगडून दोन दळं करायची असतात. अख्खा धना लवकर उगवत नाही."

"रगडायचे… म्हणजे हळू की जोरात?"

"वहाणेखाली घ्यायचे आणि तुमचा स्वतःचा गाल आहे असं समजायचं."

तो इतका हसला की आतून त्याच्या आईनं काय झालं म्हणून विचारलं. पौर्णिमा पटकन खाली वाकली. का वाकली, हे तिचं तिला कळेना. पण गाल तिचेच तापले होते, वहाणेशिवाय.

असा श्रावण सरला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. कधी तो खताची पिशवी भिंतीवरून द्यायचा, कधी ती मिरचीचं रोप. आणि देताघेताना बोटाला बोट लागलं की दोघंही आभाळाकडे बघून पावसाविषयी बोलू लागायची. एका संध्याकाळी बारीक बुरबुर सुरू असताना तो भिंतीवर कोपरं टेकून म्हणाला, "नागपूरला परत बदलीचा अर्ज करायचा होता. शेवटची तारीख काल गेली."

"मग?"

"गेली… जाऊ दिली." त्यानं वेलाचं एक पान उगाच सरळ केलं. "इथं करमतं."

त्या दिवशी घमेल्यावरून उतरताना तिचा पाय घसरला, एवढं खरं.

आता एक सांगायला हवं. पंचफुलाबाईंच्या घरी एक रीत होती. बागेत कशालाही पहिलं फळ धरलं की ते आपल्या चुलीवर चढायच्या आधी वानवळा म्हणून शेजारी जायचं. पहिलं पिकलेलं कोहळं गेलं, झाडावर पिवळी पडलेली पपई गेली, लालबुंद गावरान टमाटर गेले. पंचफुलाबाई टोपलीत निवडून निवडून भरायच्या आणि पौर्णिमा घेऊन जायची. पद्माकाकू दारात येऊन हसायच्या. "कशाला गं त्रास घेतेस? ठेव तिथं ओट्यावर, मी घेते नंतर." आणि दुसऱ्या दिवशी मिहिर भिंतीवरून पावती द्यायचा.

"कोहळ्याची भाजी काय झाली होती…"

"पपई म्हणजे नुसती साखर."

"टमाटरचं सार मी दोन वाट्या प्यायलो."

पौर्णिमाला हे ऐकायला फार आवडायचं. आपल्या हातचं कुणाच्या तरी ताटात गेलं, तेही याच्या… यात जे सुख आहे ते बाग करणाऱ्यालाच कळतं. ते सुख ती उराशी धरून झोपायची. म्हणून पुढे जे झालं ते तिला इतकं लागलं.

गल्लीच्या टोकाला एक रिकामा प्लॉट होता. भाद्रपदाच्या शेवटी, पाऊस उघडल्यावर, खतासाठी वाळका पाला गोळा करायला ती तिथे गेली. गवतात एका ठिकाणी तिला कोहळ्याची रोपं दिसली. पानांवर पांढुरके ठिपके, राख उडाल्यासारखे. असले ठिपके लेआउटमध्ये फक्त तिच्या वेलाला होते. आधी तिला गंमत वाटली. मग ती खाली बसली आणि नीट पाहिलं.

ती रोपं इथं एक, तिथं एक अशी नव्हती. सगळीच्या सगळी पसाभर जागेत, एकमेकांच्या उरावर, एकच झुबका करून उगवली होती. मध्ये कोहळ्याच्या सालीचं वाळकं कवच पडलं होतं. शेजारी पपईच्या रोपांचा तसाच झुबका. जरा पुढे टमाटरचा.

भाजी चिरली की बिया ताटलीत निघतात, केराबरोबर विखरून जातात. अशा मुठीत धरल्यासारख्या एका जागी उगवत नाहीत. अशा त्या एकाच कारणानं उगवतात: फळ अख्खं टाकलं जातं आणि जागच्या जागी सडतं. त्या कोहळ्याला कुणी विळीसुद्धा लावली नव्हती.

पौर्णिमा तिथंच बसून राहिली. हातातला पाला खाली पडला होता. ओट्यावर ठेव… मी घेते नंतर… ते गोड हसू तिला आता पुन्हा ऐकू आलं आणि त्याचा अर्थ लागला. असला अर्थ लावायला तिला शिकवावं लागलं नव्हतं. बौद्धाच्या घरच्या पोरीला तो शाळेत जायच्या आधीच लागायला लागतो. फक्त या वेळी तो लागायला उशीर झाला, कारण ती भिंतीपलीकडच्या डोळ्यांत पाहत होती.

आणि मग दुसरा प्रश्न आला, पहिल्याहून वाईट. त्याला माहीत आहे का?

काकडीच्या दोन वेलांपैकी एक वेल त्या वर्षी कडू निघाला होता. काकडी तोंडात धरवत नव्हती, जीभ आत ओढली जायची. दुसऱ्या दिवशी पौर्णिमानं त्याच वेलाच्या चार सुरेख, कोवळ्या, हिरव्यागार काकड्या टोपलीत घातल्या आणि ओट्यावर नेऊन ठेवल्या. मनात मात्र म्हणत होती की त्यानं शिव्या द्याव्यात. थू थू करत यावं आणि म्हणावं, बाई, विष दिलंस की काय.

संध्याकाळी तो भिंतीशी आला.

"काकड्या मिळाल्या?" तिनं विचारलं.

"मिळाल्या ना. आईनं कोशिंबीर केली."

"कशी झाली?"

"एक नंबर."

"कडू नव्हती?"

"छे. गोड होती. दाण्याचं कूट घातलं होतं वरून."

दाण्याचं कूटसुद्धा. त्या कुटानं पौर्णिमाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून ती आणखी पेटली.

"फाटकातून बाहेर ये," ती म्हणाली. "चपला घालून."

तो काही न विचारता आला. ती पुढे, तो मागे, असे ते रिकाम्या प्लॉटवर पोचले. तिनं गवत बाजूला केलं.

"हे काय आहे?"

"रोपं…"

"कशाची?"

त्याचा चेहरा उतरला होता. उत्तर त्याला येत होतं.

"ही अशी एका जागी काऊन उगवली, माहीत आहे तुले?" रागात तिची शाळेतली भाषा गळून पडायची. "अख्खं फेकलं म्हणून. गायीलेही फोडता आलं नाई ते. माह्या मायनं निवडून निवडून दिलेलं. कधीपासून माहीत होतं?"

"पपईपासून," तो हळूच म्हणाला. "कोहळं तुमचंच खाल्लं असं मला वाटलं होतं. ते बाजारचं होतं. मग एका दुपारी घरी लवकर आलो तर आई पपई पिशवीत घालून…"

"आम्ही बौद्ध आहोत म्हणून."

त्यानं मान हलवली.

"तोंडानं म्हण."

"हो," तो म्हणाला. "म्हणूनच."

"आणि टमाटरचं सार? दोन वाट्या?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून…"

"मले वाईट वाटू नये म्हणून, का तुले आईशी बोलाले लागू नये म्हणून?"

हे त्याला वर्मी बसलं. "तिनं एकटीनं वाढवलंय मला, पौर्णिमा."

"अन् माह्या मायनं मले काय भाड्यानं वाढवलं? काकूंनी फेकलं, त्याचा मले राग आहे. पण तो राग मले जुना आहे, त्याच्याशी कसं वागायचं ते समजते. तू फेकलेल्याची चव सांगत होता. रोज. अन् मी रोज खुश होत होती." तिचा आवाज फाटला. "हे मले कोणी कधी केलं नव्हतं."

"मी तुमच्याकडे जेवायला येतो," तो एकदम म्हणाला. "आज. सगळ्यांच्या देखत."

"कायले? आमच्या घरी जेवून मोठे होणारे निवडणुकीच्या वेळेस येतात, फोटोवाला घेऊन. तू नको येऊ. भूक लागली तर येजो. तोंड उघडायचं असन तर तुह्या घरात उघड."

त्या संध्याकाळी तिनं भिंतीवर चढलेला वेल ओढून अलीकडे घेतला. वेल तीन ठिकाणी मोडला. रागात वेल ओढू नये हे तिला चांगलं ठाऊक होतं. पंचफुलाबाई चुलीपाशी काकड्या सोलत होत्या, चांगल्या वेलाच्या. त्यांनी काही विचारलं नाही, तेव्हा पौर्णिमाच भडाभडा बोलली.

"मले माहीत होतं," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"काय?"

"टोपली रिकामी येत होती ना, पोरी. वानवळ्याची टोपली कोणी रिकामी धाडते का? चिमूटभर साखर तरी घालते माणूस."

"मग देत काऊन राह्यली तू?"

"पयलं फळ शेजारी द्याचं, हे माह्या मायनं शिकवलं. शेजारी कसा आहे ते पाहून द्याचं, असं नाई शिकवलं."

"हे मोठेपण मले नाई जमत. तुमच्या पिढीनं भल्लं गिळलं, माय. मी नाई गिळणार."

"मी कुठं गिळ म्हणली? तू थुक." पंचफुलाबाईंनी काकडीची फोड तिच्या हातावर ठेवली. "पण थुकाच्या पह्यले पाहून घेजो, तो पोट्टा कोणत्या बाजूले उभा राह्यते ते. आता पावतर तो मधातच उभा होता."

पौर्णिमानं ठरवलं, बघायचंच नाही. चार दिवस तिनं घमेल्याकडे ढुंकून पाहिलं नाही. रविवारी सकाळी मात्र पलीकडून कुदळीचा आवाज येऊ लागला, आणि कुदळीचा आवाज हा बाग करणाऱ्या माणसाला बसू देत नाही.

मिहिर त्यांच्या अंगणात, पद्माकाकूंच्या तगरीच्या आणि तुळशी वृंदावनाच्या मधल्या जागेत खड्डे करत होता. शेजारी बादली होती. बादलीत ते झुबके होते, मातीसकट उचलून आणलेले.

पद्माकाकू दारात आल्या. "हे काय लावतोयस?"

"टमाटर. आणि पपई."

"रोपं कुठून आणलीस?"

"कोपऱ्यावरच्या प्लॉटवरून. पौर्णिमानं दिलेलं, आपण टाकलेलं. उगवून आलंय."

काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. "हळू बोल. उपटून टाक ते आधी."

"नाही आई." तो कुदळ टेकून उभा राहिला. आवाज त्यानं हळू केला नाही. "तू फेकत होतीस आणि मी भाजी छान झाली म्हणून तिला सांगत होतो. मला त्याची लाज वाटते. माझी वाटते आणि तुझीही वाटते. हे तुला आधीच सांगायला हवं होतं."

"एका पोरीसाठी आईला असं बोलतोस…"

"ती नसती तरी हे चूकच होतं. ती आहे म्हणून मला दिसलं, एवढाच फरक."

"मी त्याला पाणी घालणार नाही," काकू म्हणाल्या आणि दार लोटून आत गेल्या.

भिंतीअलीकडे पौर्णिमा घमेल्यावर उभी होती. डोकं खाली घातल्यामुळे तिचं कपाळसुद्धा दिसत नव्हतं. एवढं बोलायला या माणसाला इतके दिवस लागले, याचा तिला संताप आला. आणि तो संताप पूर्वीइतका कडक का राहिला नाही, याचा वेगळा.

ती त्याच्याशी बोलली नाही. दसऱ्याला आईवडिलांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आली, दिवाळीच्या सुट्टीत पेपर तपासले. तोही तिच्याशी बोलायला आला नाही. येऊन गयावया केली असती तर तिनं त्याला उभं केलं नसतं, आणि हे त्याला कुठून कोण जाणे पण कळलं होतं. ऑफिसला जायच्या आधी तो रोज झाडांना पाणी घालायचा. काकू तुळशीला पाणी घालायच्या, आणि बाजूच्या टमाटरवर थेंब उडू नये म्हणून तांब्या तिरका धरायच्या. पौर्णिमाला ते फाटकातून दिसायचं आणि तिची कानशिलं तापायची.

शेवटी झाडांनीच तिला बोलतं केलं. त्यानं टमाटरची रोपं इतकी जवळजवळ लावली होती की ती एकमेकांत गुंतून पिवळी पडायला लागली. दोन दिवस तिनं दातओठ खाल्ले. तिसऱ्या दिवशी घमेल्यावर चढली.

"दोन रोपांत हातभर अंतर ठेवतात."

तो वळला. किती दिवसांनी त्याला ते डोळे दिसत होते, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. "आधी सांगायचं ना."

"तू विचारलं का?"

"विचारलं असतं तर बोलली असतीस?"

"नाही."

"मग?"

"मग काय? एक सोडून एक काढ. काठ्या लाव. झाडांचा काय दोष आहे यात," ती म्हणाली आणि उतरली. तिला हसू आलं होतं, आणि ते त्याला दिसायच्या आत उतरणं भाग होतं. उतरल्यावर भिंतीला पाठ लावून ती मुकाट्यानं हसली, आणि मग थोडी रडली. त्याच्यावर तिचं प्रेम होतं. ते धने रगडण्याच्या दिवसापासून होतं आणि त्या रिकाम्या प्लॉटवर उभं असतानाही होतं. म्हणूनच तर जीव इतका जळाला होता. पण प्रेम आहे म्हणून अपमान गिळायचा, हे गणित तिला कुणी कितीही समजावलं असतं तरी सुटणार नव्हतं.

थंडी पडली. पहाटे वेणा नदीकडून धुकं यायचं आणि शाळेची पोरं स्वेटरात गुरफटून यायची. अशाच एका सकाळी मिहिर तिच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. भिंतीशी नाही, फाटकाशी. समोरच्या घरातल्या बाया रांगोळ्या घालत होत्या त्यांच्या देखत. हातात टोपली, टोपलीत टमाटर. बुटके, फाकीफाकीचे, गावरान.

"वानवळा," तो म्हणाला.

"काकूंनी पाठवला?"

"नाही. मी आणला."

"काकू खातात हे?"

त्याला इथं काहीही बोलता आलं असतं. एक गोड वाक्य पुरलं असतं.

"वरणात घालते," तो म्हणाला. "पण म्हणते, आपल्या अंगणातले आहेत, आपल्या पाण्यावर वाढलेले."

पौर्णिमाच्या कपाळाची शीर उडू लागली. "म्हणजे बी आमचं असलं तरी माती तुमची लागली की चालते?"

"तिला तसंच वाटतं."

"अन् हे तू मले घरी येऊन सांगून राह्यला?"

"हो. तुला गोड वाटेल असं सांगायचं मी सोडलं आहे."

तिला राग आला होता, चांगलाच आला होता. पण आज तो राग त्याच्या बोलण्याला धरून उभा राहू शकत होता. पायाखालची जमीन सरकत नव्हती. तिनं टोपलीतला एक टमाटर उचलून चावला.

"आंबट आहे."

"तुझंच बी आहे," तो म्हणाला. मग त्यानं घसा साफ केला. "आणखी एक सांगायचं आहे. परवा मी आईला सांगितलं… मला पौर्णिमाशी लग्न करायचं आहे म्हणून."

टमाटरचा रस तिच्या मनगटावरून ओघळला. "काय सांगितलं?"

"तिनं दोन दिवस अन्न घेतलं नाही. आज सकाळी जेवली. हो म्हणालेली नाही. पण नाही म्हणायची थांबली आहे."

"अन् मले?" तिचा आवाज असा चढला की समोरची रांगोळी थांबली आणि स्वयंपाकघरातून पंचफुलाबाई डोकावल्या. "मले कोणी विचारलं? लग्न माह्यं, अन् पह्यले तुह्या आईले माहीत? मी काय बाजारातली जुडी आहे, घरी विचारून घ्यायला?"

"तुला आधी विचारलं असतं," तो म्हणाला, "आणि तू हो म्हणाली असतीस… आणि मग घरात माझं तोंड उघडलं नसतं तर? तुझ्यापाशी गोड बोलायचं आणि घरात गप्प बसायचं, ते मी एकदा केलं आहे. म्हणून या वेळी अवघड ते आधी केलं." त्यानं टोपली फाटकाच्या खांबावर ठेवली. "आता तुला विचारतो. करशील माझ्याशी लग्न? नाही म्हणालीस तरी घरात जे बोललो ते मागे घेणार नाही."

धुकं विरत चाललं होतं.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तो जाणारही नाही. काकूंवरचा नाही, तुझ्यावरचाही सगळा नाही. तू त्या दाण्याच्या कुटाचं नाव काढलंस तरी मी वीस वर्षांनी भांडेन."

"भांड. मी रागासकट विचारतोय."

पौर्णिमानं मनगट ओढणीला पुसलं. टोपली उचलून आईच्या हातात दिली. पायात चपला सरकवल्या आणि फाटक उघडून ती त्याच्या बाजूनं सरळ पुढे निघाली.

"कुठं चाललीस?"

"तुमच्याकडे. काकूंशी भांडायला."

"आत्ता?"

"आत्ताच. लग्नानंतर भांडले तर लोक म्हणतील, आल्या आल्या सुनेनं सासूला धारेवर धरलं. आज शेजारीण आहे, तोवर सगळं बोलून घेते."

मिहिर जागच्या जागी थांबला. "लग्नानंतर?" त्यानं विचारलं. "पौर्णिमा, तू आत्ता लग्नानंतर म्हणालीस?"

पण ऐकायला ती तिथं होती कुठं? ती टमाटरच्या काठ्यांजवळून, तुळशीजवळून त्यांच्या दाराशी पोचली होती आणि दोन्ही हातांनी कडी वाजवत होती.